डॅशबोर्डमधला साक्षी

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतला पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, साक्षी आहे. तो पाहतो, करत काहीच नाही. असा निव्वळ द्रष्टा संगणकात बसवता येईल का?

लिनक्सवर नेटडेटा हा देखरेखीचा डॅशबोर्ड बसवून ब्राउझरमध्ये १९९९९ क्रमांकाचा पोर्ट उघडला, की प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे आलेख दर सेकंदाला सरकू लागतात. पण कर्नलकडून हे आकडे वाचणारा नेटडेटाही एक प्रोसेसच. चालू प्रोसेसच्या यादीत त्याचंही नाव असतं, मेमरीतला त्याचा वाटाही तिथेच दिसतो. पाहणाराच दृश्यात सापडतो!

कॉकपिट या दुसऱ्या डॅशबोर्डची रीत वेगळी. ९०९० पोर्टवर कुणी येईपर्यंत त्याचा वेब सर्व्हर सुरूच होत नाही. त्यामुळे यंत्रावरचा भार वाचतो, मात्र मागचा इतिहास हवा तर नोंदी ठेवणारं पीसीपी सतत चालवावं लागतं.

सांख्य दर्शन जाणणाऱ्या बुद्धीलाही पुरुषात नव्हे, जड प्रकृतीतच मोजतं. डॅशबोर्डची जागा तिथेच, बुद्धीच्या रांगेत आहे.