उसाच्या मुलखातील विज्ञानशिक्षण

मुलांनी विज्ञान कशासाठी शिकावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही, आणि क्वचित कोणी विचारलाच तर त्याची दोन ठरीव उत्तरे मिळतात. पुढे डॉक्टर-इंजिनियर होता यावे म्हणून, हे एक. आणि मनातील अंधश्रद्धा नाहीशी व्हावी म्हणून, हे दुसरे. पहिल्या उत्तरातील व्यवहाराविषयी आणि दुसऱ्यातील सद्हेतूविषयी मला आदर आहे. तथापि सहावी ते आठवी या तीन इयत्ता डोळ्यांसमोर आणल्या की ही दोन्ही उत्तरे तोकडी वाटू लागतात. सातवीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी डॉक्टर-इंजिनियर होणारी मुले थोडी. उरलेली शेती पाहतील, कारखान्यात लागतील, दुकान टाकतील, सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत निवडून येतील. त्या थोड्यांच्या सोयीसाठी या बहुसंख्यांनी आठवड्यातून इतके तास मुकाट्याने सोसावेत, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. अंधश्रद्धेचे म्हणाल, तर अमुक गोष्ट खोटी आहे एवढे पाठ केलेला मुलगा उद्या दुसरी कोणती तरी खोटी गोष्ट तितक्याच निष्ठेने पाठ करील, ही भीती राहतेच. काय मानू नये हे सांगण्यास एखादे व्याख्यानही पुरते. एखादी गोष्ट कशाच्या आधारावर मानावी हे कळण्यास मात्र हाताने काही करून पाहावे लागते.

या प्रश्नाचा विचार करण्यास भवानीनगरसारखे दुसरे योग्य ठिकाण शोधूनही सापडणार नाही. गाव इंदापूर तालुक्यातले, ओढा बारामतीकडे, आणि महाराष्ट्रभर नाव झाले ते श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे. हा सारा टापू मुळात पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीचा, दुष्काळाला सरावलेला. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि जिराईत रानांचे बागाईत होऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धती बसविली, म्हणजे पाण्याचे क्षेत्र गट पाडून वाटावे आणि एकाच रानात सालोसाल ऊस न घेता पिकांची फेरपालट व्हावी, अशी व्यवस्था घालून दिली. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि कोइमतूरला जन्मलेले को ७४० व को ८६०३२ यांसारखे वाण तेथील चाचण्यांतून पारखून शेतांत पोहोचले. २००९ साली बारामतीजवळ माळेगावच्या खडकाळ माळावर अजैविक ताणाचा, म्हणजे अवर्षण, उष्णता, क्षार यांसारख्या संकटांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारने उभारली. शेजारच्या वालचंदनगरात साखरेने आरंभ केलेला उद्योग आज इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटारींची कवचे घडवितो. या मुलखाची जमाबंदीसुद्धा विज्ञानानेच बदलली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

आणि तरीही येथल्या घरात विज्ञान शिरते ते केवळ आकड्याचे रूप घेऊन. वजनकाट्याच्या पावतीवरचे टन, वर्तमानपत्रातला साखर उतारा, माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू, पाटबंधारे खात्याने केलेली पाणीपट्टीची आकारणी: आकडा घरी येतो, तो कसा काढला हे घरी येत नाही. हा आकडा कसा निघाला असे विचारण्याची आणि मिळालेले उत्तर पडताळून पाहण्याची ऐपत प्रत्येक मुलाच्या अंगी आणणे, हेच सहावी ते आठवीच्या विज्ञानाचे मुख्य कार्य होय, असे माझे मत आहे. बाकीचे सारे लाभ आनुषंगिक समजावेत.

उताऱ्याचेच पाहू. शंभर किलो ऊस गाळला असता किती किलो साखर हाती आली, तो उतारा. केंद्र सरकार उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरविते तो या उताऱ्याशी बांधून. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३४० रुपये, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ३२ पैसे अधिक, असा तो होता. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा एक आकडा हलला की टनामागे तेहतीस रुपये हलले, आणि चाळीस टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या घरात तेराशेहून अधिक रुपये आले किंवा गेले. हे सातवीच्या शेकडेवारीचे गणित आहे. परंतु त्याच्या पोटात जे प्रश्न आहेत ते विज्ञानाचे आहेत. उतारा एकेका शेताचा मोजला जात नाही, सबंध कारखान्याच्या गाळपाचा निघतो; ज्याने पक्व ऊस स्वच्छ तोडून घातला आणि ज्याने कोवळा, पाचटासकट घातला, त्या दोघांस एकाच सरासरीचा दर. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर त्याचे वजन घटते, एवढे सर्वांना दिसते. पण त्यातील साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, व त्या रसातून दाणेदार साखर कमी पडते, हे डोळ्यांना दिसत नाही. शेतात उभे राहून रसाचा थेंब काचेवर घेऊन जे यंत्र ब्रिक्स दाखविते, ते रसात विरघळलेल्या सगळ्याच घन पदार्थांची बेरीज दाखविते, निव्वळ साखरेची नव्हे. साखर वेगळी मोजायची तर प्रकाशाचे ध्रुवण वापरणारे निराळे उपकरण लागते. वीस ब्रिक्स म्हणजे वीस टक्के साखर, असा समज करून घेतलेला मनुष्य कारखान्याचा उतारा दहा-अकरा ऐकून संतापला, तर त्याचा संताप प्रामाणिक असतो, त्याचा हिशेब तेवढा चुकीचा असतो.

कोणत्याही सहकारी कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा वृत्तांत वाचावा. सभासदांपैकी काही जण आकड्यांना मुकाट्याने मान डोलावतात, काही जण ते सारेच बनावट आहेत असे ओरडून सांगतात, आणि नेमका प्रश्न विचारणारे विरळा. नमुना कोठून घेतला, किती वेळा घेतला, पाचटाची वजावट कशी धरली, असे विचारणाऱ्या सभासदासमोर कोणत्याही संचालक मंडळास अधिक सावध राहावे लागेल. आणि जे मंडळ सचोटीने चालते त्याला असा सभासद गोंधळ घालणाऱ्यापेक्षा निश्चितच हवासा वाटेल. सहकाराचा पाया सभासदाचे मत हा आहे, आणि ज्याला मोजमाप कळत नाही त्याचे मत दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात जाते.

जमिनीची कैफियत याहून गंभीर आहे. पाणी आले, ऊस आला, पैका आला, आणि कालव्याखालच्या कित्येक काळ्या रानांवर काही वर्षांत पांढरा थर दिसू लागला. पाटपाणी जमिनीत मुरते, निचरा नसला की भूजलाची पातळी वर चढते, मातीच्या बारीक छिद्रांतून ते पाणी क्षारांसह पृष्ठभागाकडे ओढले जाते, उन्हाने वाफ होऊन उडून जाते आणि क्षार मागे ठेवून जाते. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, आणि रान चोपण होते. जिप्समातील कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो, मात्र सुटलेला सोडियम वाहून नेण्यास चर नसेल तर जिप्समावरचा खर्च व्यर्थ जातो. विश्वेश्वरय्यांच्या फेरपालटीत अतिपाण्यापासून जमिनीचे रक्षण हाही एक हेतू होता. तो हेतू लोकांना पटविण्याचे काम पाणी सोडण्याच्या कामाइतके नेटाने झाले नाही, असे मला वाटते. विहीर भरली म्हणून आनंद मानणाऱ्या शेतकऱ्यास ‘आता पाणी कमी द्या’ हा हुकूम जुलमीच वाटणार.

या साखळीतला प्रत्येक दुवा बारा वर्षांच्या मुलास समजतो. बाष्पीभवन, द्रावण, केशाकर्षण, आम्ल आणि आम्लारी हे शब्द शाळेतल्या पुस्तकांत आहेतच. उथळ ताटलीत मिठाचे पाणी घ्यावे, त्यात मातीचे कोरडे ढेकूळ ठेवावे, आणि ते वर्गाच्या खिडकीत राहू द्यावे. काही दिवसांत ढेकळाच्या माथ्यावर पांढरी बुरशीसारखी खपली धरते. या प्रयोगास ना प्रयोगशाळा लागते, ना अनुदानाचा प्रस्ताव. ज्या मुलीने ती खपली बोटाने चाखून पाहिली, ती घरी जाऊन बापाच्या रानातल्या पांढऱ्या थराकडे निराळ्या नजरेने पाहील. शाळेतले ज्ञान आणि बांधावरचे ज्ञान यांमध्ये आपण जी भिंत बांधून ठेवली आहे तिला पहिले खिंडार पडते ते येथे.

हे याच वयात का, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे एक कारण मनाचे आहे आणि दुसरे व्यवस्थेचे. सहावीच्या सुमारास मूल ‘असे झाले तर तसे होईल’ अशा तर्काची साखळी पेलू लागते, आणि दहावीच्या परीक्षेचा धाक अजून त्याच्या मानेवर बसलेला नसतो. व्यवस्थेचे कारण असे की, दहावीनंतर वाटा फुटतात आणि पुष्कळांचा विज्ञानाशी संबंध कायमचा सुटतो. काहींचा तर शाळेशीच सुटतो. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्व विद्यार्थ्यांस अनिवार्य करावे अशी शिफारस केली. त्या आयोगाचे कार्यवाह होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. शिफारस मान्य झाली, विषय अनिवार्य झाला, आणि ज्या हेतूने तो अनिवार्य केला तो हेतू बहुतेक ठिकाणी दप्तरात राहिला. प्रयोगाची आकृती वहीत सुबक काढणे म्हणजे प्रयोग, अशी समजूत रूढ झाली. शिष्यवृत्ती परीक्षेच्या चार पर्यायांत बरोबर उत्तर आधीच छापलेले असते. ते शोधून काढण्याचे चातुर्य आणि उत्तर ठाऊक नसताना ते मिळविण्याचे कष्ट या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निराळे काही करता येते याचा पुरावा फार दूर नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली सहावी ते आठवीच्याच मुलांसाठी एक उपक्रम सुरू झाला. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करावेत, निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहावेत, परीक्षेत पुस्तक उघडे ठेवावे, आणि प्रात्यक्षिकही परीक्षेचा भाग असावे, अशी त्याची रीत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती व विज्ञान शिकविणारे अरविंद गुप्ता हे त्याच उपक्रमाच्या सहवासात घडले आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. होशंगाबादचा उपक्रम सरकारने २००२ साली बंद केला. तीस वर्षे साध्या ग्रामीण शाळांत साध्या शिक्षकांनी तो चालविला, ही गोष्ट मात्र सरकारी हुकुमाने पुसली जात नाही.

असे शिक्षण उभे करताना मुलांचा एक वर्ग नेहमी नजरेआड होतो. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या या टापूत उतरतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या मुलांचे अर्धे वर्ष फडातच जाते. विज्ञानासारखा क्रमाने चढत जाणारा विषय त्यांच्या हातून सर्वांत आधी सुटतो. या मुलांसाठी साखरशाळांचे प्रयत्न झाले, त्यांचे मोल आहे. परंतु उसाच्या शास्त्राचा विचार करताना ज्याच्या कोयत्याने ऊस तुटतो त्याच्याच मुलाला त्या शास्त्रातून वगळणे, हे कोणत्याही समाजाला शोभणारे नाही.

अलीकडे बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग आरंभिला आहे. जमिनीत संवेदक, आकाशात उपग्रह, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर केव्हा पाणी द्यावे, किती खत द्यावे याचा सल्ला. मी या प्रयोगाचे स्वागत करतो. पण ज्याला ओलावा कसा मोजतात हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो मोबाइल पंचांग पाहून मुहूर्त सांगणाऱ्या जोशीबुवांसारखाच राहील: सल्ला फळला तर श्रद्धा, फसला तर शिव्या. यंत्रे जसजशी हुशार होत जातील तसतसे विज्ञान शिकण्याचे कारण उरणार नाही, असे मानणाऱ्यांनी हा विचार करावा की सल्ला देणारा जितका दूर आणि अदृश्य, तितका त्याची उलटतपासणी घेणारा जवळ असणे आवश्यक.

भवानीनगर परिसरातील शिक्षकांस, पालकांस आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांस माझी एक विनंती आहे. येत्या गळीत हंगामात कारखान्याची प्रयोगशाळा एक दिवस सातवी-आठवीच्या मुलांसाठी खुली ठेवावी. ब्रिक्सचे यंत्र त्यांच्या हातात द्यावे. चुना आणि गंधकाचा धूर रसाला कशासाठी देतात, निर्वात भांड्यात रस कमी तापमानाला का उकळतो, हे तेथल्या केमिस्टने त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. आणि मुलांनी आपापल्या रानातून आणलेल्या उसाच्या कांड्या त्यांनीच मोजून, आकडे फळ्यावर मांडून, सरासरी काढून पाहावी. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, आणि शाळेचे दुसरे सत्रही त्याच सुमारास.