टोकावर बसून मागे पाहताना

कन्याकुमारीच्या किनाऱ्यापासून साधारण अर्धा किलोमीटर आत, समुद्रात तो खडक आहे. १८९२ सालच्या डिसेंबरात, २५ ते २७ तारखेला, स्वामी विवेकानंद तिथे ध्यानाला बसले. होडीला पैसे नव्हते म्हणून पोहत गेले, असं सांगतात. त्याच वर्षी ते पुण्यात टिळकांकडे उतरले होते. मग कोल्हापूर, बेळगाव, मडगाव करत दक्षिणेला आले. वय तिशीच्या आत.

पुढे नुसतं पाणी. ज्याला संसार नाही, त्याने अशा जागी डोळे मिटून देश, माणसं, सगळं मागे सोडलं असतं तर त्याला कोण नावं ठेवणार होतं? मोक्षाची वाट धरलेल्या माणसाचं भुकेल्यांशी नातं काय, हा प्रश्न आपल्या धर्मविचारात फार जुना आहे. विवेकानंदांनी त्याचं उत्तर १८९४ मध्ये अमेरिकेतून गुरुबंधूंना लिहिलेल्या पत्रात दिलं. त्या खडकावर बसून आपण देशाच्या दारिद्र्याचा विचार करत होतो, रिकाम्या पोटी माणसाला तत्त्वज्ञान सांगत हिंडणं हा वेडेपणा आहे, आणि संन्याशांनी गावोगाव जाऊन लोकांना शिकवावं, असा त्याचा आशय.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. काशीहून रामेश्वराला निघालेली कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. यात्रा अर्धी राहिली असं नाथांना वाटलं नाही.

ज्या कुमारी देवीचं विवेकानंदांनी दर्शन घेतलं, तिचं मंदिर तेव्हा त्रावणकोर संस्थानात होतं. तिथल्या मंदिरांची दारं अस्पृश्य मानलेल्यांना उघडायला १२ नोव्हेंबर १९३६ उजाडावा लागला. भूमीच्या टोकाइतकंच माणुसकीचं टोकही तिथे दिसत होतं.

मग अशा माणसाचं स्मारक दगडाचं असावं का? १९६३ च्या जन्मशताब्दीत ते उभारायचं ठरलं, तेव्हा खडकावरच्या हक्कावरून स्थानिक हिंदू आणि ख्रिस्ती मच्छीमार यांच्यात वाद पेटला होता आणि मद्रास सरकारही राजी नव्हतं. काम आलं अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथ रानड्यांकडे. ते संघाचे माजी सरकार्यवाह. पण दिल्लीत त्यांनी सर्व पक्षांच्या ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या. लाखो लोकांकडून एकेक रुपयापासून वर्गणी गोळा झाली. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं.

तिथे गेल्यावर एक गोष्ट नीट पाहावी. खडकावर देवीचं पाऊल मानला जाणारा एक तपकिरी ठसा आहे. त्यावर श्रीपाद मंडप बांधलाय. समोरच्या सभामंडपातल्या विवेकानंदांच्या उभ्या पुतळ्याची नजर या पावलाकडे लागलेली आहे.

तरीही, देशाचं टोक म्हणून या जागेला पावित्र्य चिकटवणं मला पटत नाही. भारताचं खरं दक्षिण टोक ग्रेट निकोबारवरचा इंदिरा पॉइंट, आणि २००४ च्या त्सुनामीत तिथली जमीन कित्येक फूट खचली. नकाशावरच्या जागेवर श्रद्धा टेकवता येत नाही.

रानड्यांनी हे ओळखलं होतं, असं त्यांचं पुढचं काम सांगतं. स्मारक पुरं झाल्यावर ते थांबले नाहीत. ७ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी विवेकानंद केंद्र स्थापन केलं आणि घरदार सोडून काम करायला तयार असलेल्या तरुण-तरुणींना ‘जीवनव्रती’ म्हणून घडवायला घेतलं. स्मारकाचं काम खऱ्या अर्थाने मार्गी लागलं ते तेव्हा. १९७७ मध्ये केंद्राने देशाच्या दुसऱ्या टोकाला, अरुणाचल प्रदेशात, शाळा सुरू केल्या.