विकण्याचा हक्क

मनुष्यास एखादा हक्क द्यावयाचा आणि तो वापरल्यावांचून त्यास गति उरूं नये अशी तजवीजही आपणच करावयाची, यास दातृत्व म्हणावें काय? दख्खनच्या जमीनमहसुलाचा इतिहास वाचतांना हा प्रश्न मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

१८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत जी जमाबंदी सुरू केली, तिच्या मुळाशीं हेतु चांगला होता हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या आधीं प्रिंगल यानें जमिनीचें निव्वळ उत्पन्न काढून त्याचा शेंकडा ५५ हिस्सा सारा म्हणून ठरविण्याचा घाट घातला होता. तो अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शोभला असता. शेतकऱ्यास मात्र त्यानें गांव सोडावयास लावलें. नव्या पद्धतीनें दर उतरविले, ते तीस वर्षांसाठीं कायम केले, आणि सारा भरीत असेपर्यंत जमीन विकण्याची व गहाण टाकण्याची मोकळीक कब्जेदारास दिली. पेशवाईंत जो हक्क मिरासदाराचा, तो आतां उपऱ्यासही लाभला.

परंतु सारा भरावयाचा तो रोख, आणि ठराविक तारखेस. पाऊस तारीख पाळीत नाहीं. हप्त्याच्या दिवशीं घरांत दाणे असले तरी नाणें नसे, म्हणून सावकाराचें दार गांठावें लागे. जमीन विक्रेय झाल्यामुळें सावकारही आतां माणसाकडे न पाहतां जमिनीकडे पाहून कर्ज देऊं लागला, आणि वसुलीस दिवाणी न्यायालय सिद्धच होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१–६५) चढलेले कापसाचे भाव उतरले. तशांत मुदत संपून सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें लोक उठले. त्यांनीं आणि त्यांच्यामागून उठलेल्या गांवांनीं सावकारांच्या जिवास क्वचितच हात लावला. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घेतले आणि जाळले. त्या कागदांवरील निशाणी त्यांचीच होती, हें कोणी अमान्य करीत नव्हतें.

१८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. निशाणी म्हणजेच संमति नव्हे, एवढें सरकारनें त्यांत मान्य केलें. १९०१ सालीं, मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ, तें याच्या पलीकडे गेलें: सारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत देतांना विक्रीचा हक्कच काढून घेण्याची तरतूद झाली. फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासद कायदेकौन्सिलांतून उठून गेले. त्यांच्यावर सावकारांचे कैवारी असा आरोप झाला, तो आम्हांस उथळ वाटतो. शेतकऱ्यास विकावयास लावणारे दोघे होते, सावकार आणि साऱ्याची तारीख. बंधन शेतकऱ्याच्या हातावर पडलें, तारखेवर पडलें नाहीं. ज्याच्या तगाद्यानें मनुष्य अविचारी दिसूं लागतो, त्यानेंच त्याच्या अविचाराचा दाखला देऊन त्याचा हक्क हिरावावा, हें न्यायास धरून कसें होईल?

सारा आज नांवापुरता राहिला आहे. ‘नवी शर्त’ मात्र आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असली कीं परवानगीवांचून जमीन विकतां येत नाहीं. भूमिहीनास मिळालेली जमीन त्याच्या मुलांपर्यंत टिकावी, हा तींतला हेतु आम्हांस मान्य आहे. पण घरांतील दुखण्यासाठीं ती विकूं पाहणाऱ्यास नकार देतांना, दवाखान्याचें बिल कोणीं भरावें, हें नकार देणारा सांगतो काय?