घरची शाळा आणि आज्ञापालन

२०२० साली महामारीने शाळांची दारे बंद केली आणि मुलांची वह्या-पुस्तके जेवणाच्या टेबलावर आली. शाळा पुन्हा उघडल्या. काही पालकांनी मात्र मुलांचे शिक्षण घरीच चालू ठेवले. त्यांचा हक्क आम्ही नाकारीत नाही. आईवडील हेच मुलांचे आद्य शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. परंतु अशा पालकांकडून एक प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो : “फादर, मुलाला स्वतंत्र विचार करायला शिकवले, तर उद्या तो आमचे ऐकेल का?”

प्रश्न रास्त आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाला दोन सत्ता ठाऊक असतात. गुरुजींशी बिनसले तर आईचा पदर असतो. घरी बोलणी बसली तर शाळेत सवंगडी असतात. घरच्या शाळेत मात्र गणित शिकवणारी, प्रार्थनेला बसवणारी आणि जेवू घालणारी आई एकच. त्यामुळे ‘आई, हे उत्तर मला पटत नाही’ एवढे म्हणणेही मुलाला चौथ्या आज्ञेचा भंग वाटू लागते. आणि कधीकधी आईलाही तसेच वाटते! येथे भेद करावयास हवा. झोपण्याची वेळ, घरकाम, रविवारची मिस्सा यांत पालकांचा शब्द चालावा. उत्तर बरोबर की चूक, हे मात्र आईच्या अधिकाराने ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस शिक्षकाला वैद्याची उपमा देतात. रोग हटवते ती शरीराची स्वतःची शक्ती. वैद्य तिला साहाय्य करतो. तद्वत शिकणाऱ्याची बुद्धी आतून कामाला लागावी लागते. धाकाने मान्य केलेले सत्य मुलाचे स्वतःचे झालेलेच नसते.

लिझ्यूच्या छोट्या तेरेजाला १८८६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, भगिनींच्या शाळेतून काढण्यात आले व तिचे पुढील शिक्षण खासगी शिकवणीने झाले. पुढच्याच वर्षी तिने कार्मेल मठात जाण्याची इच्छा वडिलांपुढे मांडली. दोन मुली आधीच मठात गेलेल्या. तरीही त्या विधुर पित्याने ऐकून घेतले आणि अनुमती दिली. मामांनी प्रथम नकार दिला. नोव्हेंबर १८८७ मध्ये रोम येथे, पोपमहोदयांशी कोणी बोलू नये अशी सक्त सूचना असताना, ती बोलली! प्रवचनकार हा प्रसंग सांगताना ती सूचना बहुधा गाळतात. तेराव्या लिओंनी तिला वरिष्ठांच्या निर्णयावर सोपवले; ती परतली, थांबली आणि ९ एप्रिल १८८८ रोजी मठात गेली. विचारणे आणि थांबणे ही दोन्ही एकाच मुलीची कृत्ये होती, आणि दोहोंमागे ऐकून घेणारा बाप होता.

‘मिस्सेला का जायचे?’ असे चौदा वर्षांच्या मुलाने विचारले, तर ‘मी सांगते म्हणून’ या उत्तराने तो पायांनी चर्चमध्ये येईल, इतकेच. त्याला उत्तर द्यावे. येत नसेल तर ‘आपण मिळून शोधू’ म्हणावे. आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला त्याला अवश्य पाठवावे. तेथे त्याला दुसरा शिक्षक भेटेल, वाद घालणारी दुसरी मुले भेटतील. आई मागच्या बाकावर येऊन बसली, तर तिला आम्ही प्रेमाने घरी पाठवू.