डाउनलोड होतंय, पण कुणाला?

"सर, डाउनलोड होतंय" म्हणत सकाळपासून लॅबभर मिरवतोयस. उभा राहा. कशानं होतंय, सांगता येतं? नाही. मग ऐक.

वर्डप्रेसच्या ॲडमिन मेन्यूत प्लगिनचं पान टाकलंस आणि वर्गाच्या यादीची फाइल पाठवायचा कोड त्याच पानाच्या फंक्शनमध्ये कोंबलास. अरे, ते फंक्शन चालू होईपर्यंत डावीकडचा मेन्यू, वरची पट्टी, सगळं एचटीएमएल छापून झालेलं असतं. 'ही फाइल आहे, उतरवून घे' असं सांगणारे हेडर त्याआधी जायला पाहिजेत. आपल्या विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडताना गोदाकाठच्या गावांना इशारा आधी देतात की घरात पाणी शिरल्यावर? 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही सूचना तेच सांगत होती. आउटपुट कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर सुरू झालं, तेसुद्धा तिच्यात लिहिलेलं असतं. तू वाचलीस? छे! ओबी-स्टार्ट टाकून तिचं तोंड दाबलंस. मग एक्सेल उघडलं तर पहिल्याच ओळीत डॉक्टाइप, आणि पोरांची नावं कुठंतरी खाली.

इथपर्यंत मी हसून सोडलं असतं.

पण नंतर कुणाचं तरी ऐकून तोच कोड ॲडमिन-इनिटवर हलवलास आणि राखणीला बसवलंस कोणाला, तर इझ-ॲडमिनला! नावावर भुललास. ते फंक्शन माणूस ॲडमिन आहे का हे बघतच नाही. विनंती ॲडमिनच्या भागात आली का, एवढंच बघतं. आणि ॲडमिन-पोस्ट डॉट पीएचपीवर ॲडमिन-इनिट लॉगिन न केलेल्यासाठीही चालतं. काल मी लॉगआउट केलं, त्या पत्त्यापुढे तुझं 'एक्सपोर्ट=१' जोडलं, एंटर मारला. अख्ख्या वर्गाची यादी, मुलींच्या मोबाइल नंबरांसकट, माझ्या पुढ्यात! पासवर्ड कुणी विचारला नाही. लेका, तुझ्या बहिणीचा नंबर असा चव्हाट्यावर टांगला तर चालेल तुला?

मान खाली घालू नकोस, वही काढ. ॲडमिन-पोस्टपुढे आपल्या ॲक्शनचं नाव जोडून हुक लाव. लॉगिन न केलेल्यांसाठीच्या नोप्रिव्हवाल्या हुकला हात लावायचा नाही. आत शिरल्याबरोबर करंट-यूजर-कॅन, मग नॉन्स. एकावर भागत नाही. बटण आपल्याच पानावरून दाबलं का, हे नॉन्स सांगतो; दाबणाऱ्याला तो हक्क आहे का, हे नाही. त्यानंतर हेडर, मग सीएसव्हीच्या ओळी, शेवटी एक्झिट. आणि सुरुवातीला यूटीएफ-८ चा बीओएम टाक, नाहीतर एक्सेलमध्ये 'नांदेड'चा चिखल होतो. फाइल अपलोड्सच्या फोल्डरात ठेवून लिंक द्यायची हुशारी करशील, तर तीही कुणालाही उघडता येते, सांगून ठेवतो.

हे सगळं उद्या. आत्ता आधी प्लगिन बंद कर आणि सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघड. माझ्याशिवाय ती यादी आणखी कोणी उतरवली, ते आयपी आणि वेळेसकट पाच वाजेपर्यंत माझ्या टेबलावर पाहिजे.