वाट दाखविणाऱ्याचें ऋण

मनुष्याच्या कृत्याचा परिणाम त्याच्या हेतूबाहेर गेला, तर त्या परिणामाची जबाबदारी कोणावर? हेतु शुद्ध असेल तर दोष नाहीं, असें उत्तर आपण सहज देतों. न्यायासनापुढें हेतूला मोठा मान आहे. आणि फलाची आसक्ति सोडून कर्म करावें हा उपदेश तर आपल्या घराघरांत परिचित आहे. परंतु आसक्ति सोडणें निराळें आणि फलाकडे पाठ फिरविणें निराळें.

त्र्यंबकेश्वरची क्षेत्रकथा या भेदावरच उभी आहे. ब्रह्मगिरीवर आश्रम करून राहिलेल्या गौतम ऋषींच्या धान्यांत एक दुबळी गाय शिरली. तिला हाकलण्यासाठीं त्यांनीं गवताच्या काड्या उगारल्या. त्यांचा स्पर्श होतांच गाय गतप्राण झाली. ती गाय मायावी होती, मत्सरी ऋषींच्या कारस्थानांतून आलेली होती. पुढें शंकर प्रसन्न झाले तेव्हां त्यांनीं गौतमांना निर्दोषच ठरविलें. कथा येथें संपती, तर ती एका सज्जनाच्या सुटकेची कथा झाली असती. पण निर्दोष ठरूनही गौतमांनीं गंगा मागितली, ती सर्वांसाठीं मागितली, आणि गोदावरी अवतरली. ब्रह्मगिरीवर उगम पावून गंगाद्वारीं व कुशावर्तांत प्रकटणारी ती धार, श्रद्धाळूंच्या दृष्टीनें, निर्दोष मनुष्याच्या प्रायश्चित्ताचें फळ आहे.

याच कसोटीवर पृथ्वीच्या एका टोकाचा इतिहास पारखून पाहूं. उत्तरध्रुवाकडील प्रदेश मराठी वाचकाला अगदींच परका नाहीं. वैदिक आर्यांचें मूलस्थान तिकडे होतें असा सिद्धांत लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं ग्रंथरूपानें मांडला. तो आज विद्वानांना मान्य नाहीं, तरी त्या निमित्तानें ध्रुवाकडील दीर्घ रात्र आपल्या चर्चेंत आली.

नॉर्वे आणि उत्तरध्रुव यांच्या साधारण मध्यावर स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. चीनकडे जाणारा उत्तरेचा जलमार्ग शोधणाऱ्या डच खलाशांना जून १५९६ मध्यें तीं बेटें दिसलीं. त्यांचा मार्गदर्शक नाविक विलेम बॅरेंट्स हा होता. टोकदार डोंगर पाहून त्या भूमीला स्पिट्सबर्गेन हें नांव मिळालें. इष्ट मार्ग मात्र सांपडला नाहीं. नोव्हाया झेम्ल्यापाशीं जहाज बर्फांत अडकलें; लांकडी झोंपडींत हिंवाळा काढावा लागला; आणि जून १५९७ मध्यें परतीच्या वाटेवर बॅरेंट्स मरण पावला.

त्या धैर्याला कोणी नांवें ठेवणार नाहीं. पण पुढें काय झालें? १६०७ सालीं उत्तरमार्गाच्याच शोधांत गेलेल्या हेन्री हडसनच्या वृत्तांतांत तेथील खाड्यांमधील देवमाशांचे उल्लेख आले. १६११ पासून इंग्रजांचीं, आणि लगोलग डचांचीं शिकारी जहाजें तिकडे जाऊं लागलीं. किनाऱ्यावर चरबी वितळविण्याच्या भट्ट्या पेटल्या; डचांच्या एका ठाण्याचें नांवच स्मेरेनबर्ग, म्हणजे चरबीचें गांव, असें पडलें. खाड्यांतील देवमासे विरळ होत गेले आणि १६६० च्या सुमारास तें ठाणें ओस पडलें. शिकार मात्र थांबली नाहीं. ती खुल्या समुद्रांत गेली, आणि वालरस व पांढरें अस्वल यांच्याही वांट्याला तेंच आलें.

बॅरेंट्सनें एकही भट्टी पेटविली नव्हती. मग त्याला दोषी ठरवावें काय? कोणी म्हणेल, असा हिशेब मांडला तर कोणी घराबाहेर पाऊलच टाकणार नाहीं आणि ज्ञान जागच्या जागीं थिजेल. हा आक्षेप खरा आहे. पण तो दोषाला लागू पडतो, ऋणाला नाहीं. वाट दाखविणारा पापी नसतो, ऋणी असतो. तो मेल्यावर तें ऋण त्या वाटेनें लाभ घेणाऱ्यांकडे येतें, जसें बापाच्या घराबरोबर त्याचें कर्जही येतें.

हें ऋण उशिरा का होईना, अंशतः ओळखलें गेलें. ९ फेब्रुवारी १९२० रोजीं पॅरिस येथें झालेल्या करारानें त्या बेटांवरील नॉर्वेचें स्वामित्व मान्य झालें, आणि तेथील वनस्पति व प्राणी यांच्या रक्षणाचा अधिकारही नॉर्वेकडे आला. रेनडिअरला १९२५ सालीं, वालरसला १९५२ सालीं व पांढऱ्या अस्वलाला १९७३ सालीं संरक्षण मिळालें. वालरस हळूहळू परतले. बॅरेंट्सच्या प्रवासानंतर साडेतीनशें वर्षांनीं केलेलें तें प्रायश्चित्त होतें.

आतां हा प्रश्न आपलाही आहे. साम्राज्याच्या सहीनें हिंदुस्थान त्या करारांत सामील झालाच होता. २००८ सालीं तेथील न्यू-ऑलसुंड येथें 'हिमाद्रि' हें भारताचें संशोधनकेंद्र उघडलें. आमचे शास्त्रज्ञ तेथें हवा, बर्फ आणि समुद्र यांचा अभ्यास करतात. त्यांचा हेतु निर्मळ आहे. पण बर्फ वितळत असून जो मार्ग बॅरेंट्सला मिळाला नाहीं, तो सैबेरियाच्या किनाऱ्यानें उन्हाळ्यांत जहाजांना मोकळा होऊं लागला आहे. त्या समुद्राचें ज्ञान उद्यां कोणाच्या हातीं जाईल, हें ज्ञान मिळविणाऱ्याला ठरवितां येत नाहीं. म्हणून संशोधन थांबवावें असें नव्हे. आपल्या शोधाच्या पाठोपाठ कोण जातो तिकडे संशोधकानें लक्ष ठेवावें, आणि हानि दिसतांच 'माझा हेतु तो नव्हता' एवढ्यावर न थांबतां ती भरून काढण्यास पुढें व्हावें, इतकेंच मागणें आहे. निर्दोष असणें हें सज्जनपणाचें पहिलें पाऊल झालें; गौतमांची थोरवी त्यापुढील पावलांत आहे.