करून बघायला काय हरकत आहे?

झोपेत हाताला मुंग्या येतात, जाग येते आणि माणूस अंधारात हात झटकू लागतो. झटकल्यावर बरं वाटतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. डॉक्टर नेमकं तेच विचारतात : रात्री उठून हात झटकता का? 'हो' म्हटलं की त्यांचं निम्मं निदान होतं.

मनगटाच्या आत एक अरुंद बोगदा आहे. तीन बाजूंना हाडं, वर एक चिवट पट्टा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत एक मज्जातंतू, म्हणजे आपल्या बोलण्यातली नस. कंडरांवरचं आवरण सुजलं की दाटी होते आणि त्या दाटीत सर्वांत हळवी असलेली नस दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका बधिर होते. करंगळी सुटते. कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात तो हा. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईड मंदावल्यावर तो जास्त आढळतो. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

जुनं दुखणं माणसाला उपायाइतकंच कारणासाठीही भुकेलं करतं. 'तुमच्यात अमुक कमी आहे' हे वाक्य म्हणूनच इतकं दिलासा देतं. जे कमी आहे ते भरून काढता येतं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या जॉन एलिस या डॉक्टरांनी रुग्णांचे हात बारकाईने पाहिले. आखडलेली बोटं, बधिर पंजे. 'द डॉक्टर हू लुक्ड ॲट हँड्स' हे त्यांचं पुस्तक 1966 सालचं. पुढे कार्ल फोकर्स हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. 1948 मध्ये बी-12 जीवनसत्त्व वेगळं काढणाऱ्या चमूतले हे मोठे शास्त्रज्ञ. दोघांचं म्हणणं असं की, मनगटाच्या या दुखण्यामागे बी-6 ची, म्हणजे पायरिडॉक्सिनची, कमतरता आहे. सुरीऐवजी एक स्वस्त गोळी. या विचारामागची कळकळ मला खरी वाटते. पण नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत खरी गोळी घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

कल्पना मुळातच निराधार होती असं नाही. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-6 घटतं, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून त्या औषधासोबत बी-6 देतात आणि ते काम करतं. जिथे जीवनसत्त्वाची उणीव आहे, तिथे स्वस्त गोळी मोठं काम करते. मनगटात उणीव जागेची असते.

स्वस्ताईमुळे औषधाची परीक्षा सैल होते. हजार रुपयांचं इंजेक्शन घेताना आपण चार प्रश्न विचारतो. काही रुपयांच्या स्ट्रिपला एकही नाही.

परीक्षा घेणं अवघडही आहे. हे दुखणं कमी-जास्त होत राहतं. आपण गोळी सुरू करतो तो दिवस बहुधा सर्वांत वाईट असतो. त्यानंतर येणारा कुठलाही दिवस गोळीची बाजू घेतो.

हाच त्रास मलाही झाला, तेव्हा मी डॉक्टरांना विचारून, मुदत ठरवून, आधी फक्त बी-6 ची गोळी घेतली. रात्रीची जाग होती तशीच राहिली. गोळी थांबवली आणि मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपू लागलो, तेव्हा जाग कमी झाली. एका हाताने शास्त्र सिद्ध होत नाही. पण दोन्ही एकदम सुरू केलं असतं, तर श्रेय कुणाचं हे मला कधीच कळलं नसतं. एका वेळी एकच उपाय, ही शिस्त गरिबालाही परवडते.

'अपाय तर नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर 1983 मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या सात जणांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. ते रोज दोन ते सहा ग्रॅम बी-6 घेत होते. प्रौढ शरीराची गरज सुमारे 1.3 मिलिग्रॅमची. त्यांची चाल डळमळू लागली होती, हातपाय बधिर झाले होते. ज्या बधिरपणावर गोळी घ्यायची, तोच बधिरपणा ती जास्त झाली की देते. मुंग्या वाढल्या म्हणून माणूस मात्रा वाढवतो आणि मात्रा वाढली म्हणून मुंग्या वाढतात. अमेरिकेत दिवसाला 100 मिलिग्रॅमची वरची मर्यादा धरली जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये ती 12 वर आणली. या दोन आकड्यांत एवढं अंतर असताना, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दीर्घकाळ घ्यायची असेल, तर लहान आकडाच पाळावा.

गोळीची किंमत स्ट्रिपवर छापलेली असते. वाट पाहण्याची किंमत कुठेच छापलेली नसते.

दबलेली नस आधी रात्री बोलते, मग दिवसा. मग शर्टाचं बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही, हातातला कप सुटतो. पुढे अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजतो. त्या अवस्थेत शस्त्रक्रियेने दाब हटला, तरी झिजलेला स्नायू पूर्ववत होईलच असं नाही.

रोज पन्नास भाकऱ्या थापणारी, शिलाई मशीनवर बसणारी, पहाटे म्हशींची धार काढणारी बाई स्वस्त गोळीकडे वळते, तेव्हा तिला अडाणी म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. तिचा हिशेब चोख असतो. मनगटाच्या आतला तो चिवट पट्टा सोडवण्याची शस्त्रक्रिया छोटी आहे, तेवढीच जागा बधिर करून होते. पण नंतर काही आठवडे जड काम बंद. त्या आठवड्यांची मजुरी कोण देणार? 'गोळीच्या नादी लागू नका' असं तिला सांगणाऱ्याने आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. मला स्वतःला ते देता येत नाही, म्हणून मी तिच्या आशेला हसत नाही. आशेला मुदत घालून द्यावी, एवढंच म्हणतो.

हात बधिर होण्याची कारणं आणखीही आहेत. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास आढळते. ती रक्ताच्या तपासणीत कळते आणि स्वस्तात भरूनही निघते. करंगळी बधिर असेल, अंगावर संवेदना नसलेला फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी. त्याचे उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

गोळी घेऊन बघायचीच असेल, तर स्ट्रिपच्या मागे बी-6 किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, थांबण्याची तारीख कॅलेंडरवर आजच लिहा आणि दोन्ही तळहात उजेडात शेजारी धरून पाहा. एका अंगठ्याचं बूड दुसऱ्यापेक्षा चपटं दिसलं, तर तारखेची वाट पाहू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवा.